टिक काढली आणि मेणवली दिसली

सध्या मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलेय, तेव्हा तुम्हीही ऐका, आणि कॉम्प्युटरसमोर बसला असाल तर ऐकता ऐकता करूनच बघा. विंडोजचं चिन्ह असलेली कळ धरून डी दाबा, म्हणजे उघडं असलेलं सगळं खाली जाईल आणि डेस्कटॉप समोर येईल. आता जिथे एकही आयकॉन नाही अशा मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबा. जो मेनू उघडेल त्यात आपण सगळे वर्षानुवर्षं एकाच ओळीवर जात आलोय: रिफ्रेश. मशीन हळू चाललंय, रिफ्रेश. प्रिंट निघत नाही, रिफ्रेश. फोनवर बोलता बोलता हाताला चाळा हवा, रिफ्रेश. त्या रिफ्रेशच्या वर, मेनूच्या अगदी माथ्यावर, 'व्ह्यू' लिहिलेलं असतं. त्यावर जा. बाजूला छोटी यादी उघडते: मोठे, मध्यम, छोटे आयकॉन, मग त्यांना रांगेत बसवणाऱ्या दोन ओळी आणि सगळ्यांत खाली 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'. त्या ओळीसमोर एक टिक असेल. त्यावर एकदा क्लिक करा.

गेलं! सगळं गेलं! एक क्लिक, आणि पडद्यावर फक्त चित्र उरतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालची टास्कबारची पट्टी तेवढी जागच्या जागी. लग्नघरातली पाहुणेमंडळी बाहेर पडल्यावर ओसरी केवढी मोठी आहे हे जसं पहिल्यांदा कळतं, तसं माझ्या एकवीस इंची मॉनिटरचं मला कळलं.

मी साताऱ्यात पुस्तकांचं डीटीपी करते. दिवाळी अंक, आत्मचरित्रं, संस्थांच्या स्मरणिका, कवितासंग्रह, जे येईल ते. या धंद्यात डेस्कटॉप भरतोच, कारण काम तिथेच येऊन पडतं. डावीकडे दिस पीसी, रिसायकल बिन, ब्राउझर, श्रीलिपी, इनडिझाइन. मग 'आत्मचरित्र_प्रूफ२', तिच्या खाली 'आत्मचरित्र_प्रूफ२_दुरुस्त', तिच्या खाली 'मुखपृष्ठ_अंतिम', तिला खेटून 'मुखपृष्ठ_अंतिम_नवं', मग 'दिवाळी_जाहिराती' नावाचा फोल्डर, लेखकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो, छपाईला गेलेल्या पीडीएफ, आणि 'न्यू फोल्डर (२)'. अशा रांगा अर्ध्या पडद्यापर्यंत. यातल्या प्रत्येक फाइलला तिथे असण्याचं कारण आहे. आज लागणार, उद्या लागणार, लेखकाचा फोन आला की लगेच लागणार.

आणि या सगळ्याच्या खाली होती मेणवली! माझ्या भावाने वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर काढलेला फोटो मी कधीपासून वॉलपेपर म्हणून लावलाय. कृष्णेचं पाणी, पायऱ्या, नाना फडणवीसांच्या वाड्याकडची झाडी. 'स्वदेस' सिनेमात हाच घाट दिसतो. फोटोच्या डाव्या बाजूला एक छोटं दगडी देऊळ आहे आणि त्यात टांगलेली ती अवाढव्य घंटा: चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या त्यांतली ही एक. वसईच्या किल्ल्यातून आलेली घंटा माझ्या पडद्यावर 'दिवाळी_जाहिराती'च्या बरोबर मागे होती! टिक काढल्याबरोबर ती समोर आली. घंटेच्या कडेवरचा उजेड दिसला, देवळाच्या कमानीतला दगड न् दगड दिसला, आणि खालच्या पायरीवर धुणं घेऊन बसलेली एक बाई दिसली, जिच्यावर आजवर रिसायकल बिन होतं. मी फोन उचलून भावाला सांगितलं, अरे तुझ्या फोटोत बाई आहे! तो म्हणाला, ताई, तिच्यासाठीच तर फोटो काढला होता.

मग मी पुन्हा उजवं बटण, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्स. सगळे परत! आणि कसे परत? जसेच्या तसे. ज्या रांगेत, ज्या जागी जी फाइल होती ती तिथेच. पुन्हा घालवले, पुन्हा आणले. बोट थांबेना माझं.

आता इथे खरी गंमत सुरू होते, म्हणून जरा सावकाश सांगते. आयकॉन गेले तेव्हा मी फाइल एक्सप्लोरर उघडला, विंडोजची कळ आणि ई. डाव्या बाजूला 'डेस्कटॉप' लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केलं. आत सगळ्या फाइली शांतपणे बसलेल्या! एकही हललेली नाही. मग मी एक प्रयोग केला. आयकॉन लपलेलेच ठेवले, एक नवीन फाइल केली, तिला 'लपलेली' असं नाव दिलं आणि सेव्ह करताना जागा म्हणून डेस्कटॉपच निवडला. पडद्यावर काहीही उमटलं नाही, मेणवली तशीच. मग टिक लावली, आणि रांगेच्या शेवटी 'लपलेली' हजर! म्हणजे डेस्कटॉप हा मुळात एक फोल्डर आहे, सी ड्राइव्हमध्ये यूजर्सच्या आत आपल्या नावाखाली असलेला, इतर कुठल्याही फोल्डरसारखा फोल्डर. पडद्यावर जे मांडलेलं दिसतं तो त्या फोल्डरचा नुसता देखावा. फाइल एका जागी, तिचं दिसणं दुसऱ्या जागी, आणि ती टिक फक्त दिसण्याला हात लावते. इतकी वर्षं याच पडद्यावर पोट भरणाऱ्या माणसाला हे कळल्यावर काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा!

त्यापुढचं तर अजून भारी आहे. आपण बघतो तो डेस्कटॉप एका फोल्डरचासुद्धा नसतो. यूजर्समध्येच 'पब्लिक' नावाचं एक घर असतं, त्यातही एक डेस्कटॉप फोल्डर असतो (तो सहसा लपवलेला असतो), आणि एकाच मशीनवर वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करणाऱ्या सगळ्यांसाठी त्यातल्या वस्तू सामाईक असतात. एखादं सॉफ्टवेअर 'सर्व वापरणाऱ्यांसाठी' म्हणून बसवलं की त्याचा शॉर्टकट बहुधा तिथे जाऊन पडतो. विंडोज हे दोन्ही फोल्डर एकावर एक ठेवून आपल्याला एकच मांडणी दाखवतं. शिवाय दिस पीसी आणि रिसायकल बिन यांच्यासारखे आयकॉन तर यांपैकी कुठल्याच फोल्डरमध्ये फाइल म्हणून सापडत नाहीत, ते व्यवस्थेने स्वतः आणून ठेवलेले असतात. तीन ठिकाणांहून आलेली मंडळी, आणि त्या सगळ्यांना पडद्याआड करायला एक टिक पुरते.

माझी एक मैत्रीण सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला विचारलं, तर तिने हे आतून कसं चालतं ते सांगितलं. वॉलपेपरच्या वर आयकॉनची एक स्वतंत्र पारदर्शक खिडकी पसरलेली असते, फोल्डर उघडल्यावर यादी दाखवणारी जी असते त्याच जातीची, फक्त तिला चौकट नाही आणि बंद करायचं बटण नाही. टिक काढली की ती अख्खी खिडकीच दिसेनाशी होते. आणि ही आपली निवड लक्षात राहावी म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत 'हाइडआयकॉन्स' नावाची एक नोंद असते: ० असेल तर दाखव, १ असेल तर लपव. बस, एवढंच. म्हणून मशीन बंद करून सुरू केलं तरी आयकॉन लपलेलेच राहतात, आणि ही नोंद ज्याच्या-त्याच्या लॉगिनची वेगळी असते, त्यामुळे मी माझे लपवले तरी आमच्याकडे प्रूफं तपासायला येणाऱ्या मुलीचे तिला तसेच दिसतात.

हे कळल्यावर मला प्रश्न पडला की पडद्यावर टेबल मांडायचं हे सुचलं कोणाला? मग काय, वाचत सुटले. डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ नावाच्या संशोधकाने १९७५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जो प्रबंध दिला त्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे आयकॉन ही कल्पना मांडली. पुढे तो झेरॉक्स कंपनीत गेला आणि तिथे १९८१ मध्ये 'स्टार' नावाचं यंत्र बाजारात आलं, एकाची किंमत १६ हजार डॉलरच्या घरात. त्याच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ऑफिसचं टेबल मांडलेलं होतं: कागद, फोल्डर, फाइलींचे खण, आलेल्या टपालाचा ट्रे, जाणाऱ्या टपालाचा ट्रे, प्रिंटर. कागद छापायचा तर त्याचा आयकॉन प्रिंटरच्या आयकॉनवर न्यायचा, टपालाने पाठवायचा तर जाणाऱ्या ट्रेवर! ही चित्रं काढली नॉर्म कॉक्स यांनी. कोपरा दुमडलेला कागद म्हणजे फाइल, हे आपण आजही रोज बघतो, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये मेनूसाठी ज्या तीन आडव्या रेघा असतात त्याही कॉक्स यांनी याच स्टारसाठी काढल्या होत्या. माझ्या मोबाइलवरच्या त्या रेघांकडे मी आता आदराने बघते.

मग १९८४ चं मॅकिंटॉश. त्याचे आयकॉन सुझन केअर यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढले, ३२ आडवे आणि ३२ उभे, म्हणजे एका आयकॉनला फक्त १०२४ ठिपके. अक्षरजुळणीतल्या माणसाला हे किती भिडतं म्हणून सांगू! आम्ही एका वेलांटीच्या वळणासाठी दिवस घालवतो, आणि या बाईंनी काळ्या-पांढऱ्या चौकोनांतून कचऱ्याचा डबा उभा केला.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं आणि डावीकडच्या आयकॉनच्या रांगेची आपल्या सगळ्यांना सवय लागली. पण थांबा, पुढचं वळण बघा. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा त्याच्या कोऱ्या डेस्कटॉपवर फक्त एक रिसायकल बिन होतं, बाकी सगळीकडे ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश! सायबर कॅफेत, बँकेत, एमएससीआयटीच्या क्लासमध्ये, सगळीकडे तीच टेकडी. ती खरी आहे, कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातली. चार्ल्स ओरियर या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत रस्त्याने जाताना गाडी थांबवून तो फोटो फिल्मच्या कॅमेऱ्याने काढला. तिथे आधी द्राक्षमळे होते, कीड पडल्याने वेली उपटल्या गेल्या आणि मोकळ्या उतारावर गवत उगवलं, म्हणून टेकडी तशी दिसते. एक्सपीत आणखी एक सोय होती: दर ६० दिवसांनी मशीन स्वतःच विचारायचं की न वापरलेले शॉर्टकट एका फोल्डरमध्ये भरून ठेवू का? आणि आयकॉन लपवायची ही टिकही त्यात होतीच, फक्त तेव्हा ती 'अरेंज आयकॉन्स बाय' या नावाखाली असायची. इतकी वर्षं ती तिथे आहे, विंडोज १० मध्ये आहे, ११ मध्ये आहे!

विंडोज १० चं ते निळ्या उजेडातलं खिडकीचं चित्र आठवतं? मला वाटायचं कॉम्प्युटरवर काढलंय. ते खरोखरची खिडकी उभी करून, धूर सोडून, लेसर आणि प्रोजेक्टरचा उजेड टाकून फोटो काढून बनवलंय! एवढी मेहनत करून माणसं आपल्याला चित्र देतात आणि आपण त्यावर 'न्यू फोल्डर (२)' ठेवतो.

मॅकवाल्यांचंही विचारून घेतलं. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडे मॅक आहे. मॅकवर आयकॉन लपवायला पूर्वी टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून फाइंडरला पुन्हा सुरू करावं लागायचं. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीपासून मात्र सेटिंग्जमध्ये 'डेस्कटॉप अँड डॉक'खाली सरळ बटण आलंय. सोनोमा! नाव ऐकून मी उडालेच, कारण ती हिरवी टेकडीही सोनोमातलीच. लिनक्सवरच्या जीनोम मंडळींनी तर २०११ मध्येच डेस्कटॉपवर आयकॉन ठेवायची पद्धत सोडली, आणि आता ज्यांना हवेत त्यांनी वेगळं एक्स्टेन्शन बसवायचं.

पण मला सगळ्यांत जास्त आनंद झाला तो आमच्या सोसायटीतल्या काकांमुळे. हे काका निवृत्त शिक्षक, गावाच्या इतिहासावर पुस्तक लिहितायत, सगळी प्रकरणं डेस्कटॉपवर. एका सकाळी त्यांचा फोन आला, आवाज पार बसलेला: "अगं, माझं सगळं पुसलं गेलं." एका दुकानात विचारलं तर मशीन फॉरमॅट करावं लागेल असं सांगितलं होतं. मी धावत गेले. पडद्यावर निळंशार वॉलपेपर, एकही आयकॉन नाही. माझ्या छातीत धडधड, पण आनंदाची! काकांना म्हटलं, काका, खुर्चीत बसा, माउस तुमच्या हातात घ्या. उजवं बटण. व्ह्यू. आता सगळ्यांत खालची ओळ वाचा. त्यांनी चष्मा वर करून वाचली. टिक नव्हती. म्हटलं, करा क्लिक. आणि प्रकरण एक ते अकरा, नकाशे, शिलालेखांचे फोटो, सगळं एका झटक्यात पडद्यावर! काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय झालं?" काका काही बोलेनातच. मग त्यांनी स्वतः टिक काढली, स्वतः लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली, आणि मला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. नातवाने गेम खेळताना कुठेतरी क्लिक केलं असणार. तेव्हा तुमच्या ओळखीत कोणाचा डेस्कटॉप असा अचानक रिकामा झाला, तर फॉरमॅटचं नाव काढायच्या आधी ही टिक बघा. नंतर वाटल्यास एक्सप्लोररमधला डेस्कटॉप फोल्डर उघडून बघा. फाइली तिथे दिसल्या की अर्धा जीव भांड्यात पडतो.

माझ्या कामात तर याने फारच फरक पडलाय. हल्ली लेखक पुण्या-मुंबईहून ऑनलाइन बसतात, मी पडदा शेअर करते आणि आम्ही मुखपृष्ठ ठरवतो. त्या वेळी दुसऱ्या लेखकाच्या अप्रकाशित पुस्तकाचं नाव यांच्या डोळ्यांसमोर का यावं? कोणाचं बिल किती थकलंय हे का दिसावं? आता मीटिंगआधी टिक काढते. कोरी भिंत मिळाल्यासारखं मुखपृष्ठ मधोमध उघडते आणि रंगाबद्दल बोलायला लागते. मागे मेणवली असते, तिच्यावरूनही बोलणं निघतं. एका कवयित्रीने तर विचारलं, हाच फोटो मलपृष्ठाला मिळेल का? भावाला विचारलंय.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते: हे लपवणं म्हणजे कुलूप नाही. जो कोणी मशीनसमोर बसेल तो टिक लावून सगळं बघू शकतो. खासगी काही असेल तर लॉगिनला पासवर्ड हवाच आणि उठताना विंडोजची कळ धरून एल दाबून पडदा बंद करायला हवा.

आणि आयकॉन नसताना काम कसं करायचं, हा प्रश्न मला पहिल्या तासातच सुटला. रोजची सॉफ्टवेअर टास्कबारला पिन करून ठेवली, मग विंडोजची कळ धरून १ दाबला की पहिलं उघडतं, २ दाबला की दुसरं! माझं १ म्हणजे इनडिझाइन. बाकी काही हवं तर विंडोजची कळ दाबून नावाची पहिली अक्षरं टाइप करायला लागा, समोर येतं. फाइल हवी तर विंडोजची कळ आणि आर, आणि त्या छोट्या चौकटीत 'शेल' लिहून कोलन आणि लगेच 'डेस्कटॉप' असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा: डेस्कटॉप फोल्डर उघडतो. तिथे मी 'तपशीलवार यादी' लावलीय, तारखेप्रमाणे, त्यामुळे 'मुखपृष्ठ_अंतिम' आधीची की 'मुखपृष्ठ_अंतिम_नवं' आधीची हे एका नजरेत कळतं. पडद्यावरच्या आयकॉनमध्ये हे कधीच कळत नव्हतं!

स्टारडॉक कंपनीचं फेन्सेस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर नुसतं डबलक्लिक केलं की आयकॉन जातात आणि पुन्हा डबलक्लिक केलं की येतात. ते मी अजून घेतलेलं नाही, पण घेणार आहे, कारण दिवसातून इतक्या वेळा मेणवलीला जायचं तर रस्ता जवळचा हवा. तोवर तुम्ही एक करा: आयकॉन परत आणाल तेव्हा मोकळ्या जागेवर एकदा क्लिक करून कंट्रोल धरा आणि माउसचं चाक पुढे फिरवा. आयकॉन फुगत फुगत केवढे होतात बघा, आणि चाक मागे घेतलं की किती बारीक होतात तेही बघा. काकांनी ते पाहिल्यापासून त्यांचं प्रकरण एक मला त्यांच्या दारातूनच वाचता येतं.